पीएचपीतले क्लास आणि ऑब्जेक्ट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात बीसीए, एमसीए किंवा डिप्लोमाच्या प्रोजेक्टसाठी पीएचपी (वेबसाइटमागचे प्रोग्राम लिहायची भाषा) शिकणारे आणि राजारामपुरी-उद्यमनगर भागात छोट्या ऑफिसांतून दुकानांची, संस्थांची सॉफ्टवेअर लिहिणारे, अशा दोघांकडून हे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. उत्तरांतली उदाहरणं मुद्दाम एकाच प्रोग्रामची घेतली आहेत: गावच्या दूध संस्थेचं सकाळ-संध्याकाळचं संकलन आणि दर दहा दिवसांचं बिल. करवीर, कागल, राधानगरी, भुदरगड, कुठल्याही तालुक्यातल्या मुलाला हा व्यवहार घरचा आहे. त्यातले नियम समजावून सांगण्यात वेळ जात नाही, तो सगळा क्लास समजण्याकडे देता येतो.

क्लास म्हणजे नक्की काय, आणि ऑब्जेक्ट म्हणजे काय?

एका सभासदाने आज सकाळी साडेचार लिटर म्हशीचं दूध घातलं, फॅट ६.८ लागली, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) ९.१. ही एक नोंद. तिच्या मागोमाग दुसऱ्या सभासदाची, मग तिसऱ्याची. प्रत्येक नोंदीतले आकडे वेगळे, पण नोंदीत काय काय असलंच पाहिजे आणि त्यावरून रक्कम कशी काढायची, हे सगळ्यांना सारखं. जे सारखं आहे ते क्लासमध्ये लिहायचं. `न्यू` हा शब्द वापरून त्या क्लासवरून जी एकेक नोंद तयार होते ती ऑब्जेक्ट. सकाळच्या रांगेत दोनशे जण असतील तर ऑब्जेक्ट दोनशे, क्लास एकच.

ऑब्जेक्टमध्ये ठेवलेल्या माहितीला प्रॉपर्टी म्हणतात, आणि तो जे काम करू शकतो त्या फंक्शनला मेथड. `$नोंद->फॅट` ही प्रॉपर्टी, `$नोंद->रक्कम()` ही मेथड. शेवटचा कंस विसरला तर पीएचपी मेथड चालवण्याऐवजी त्या नावाची प्रॉपर्टी शोधायला जातं. नवशिक्यांचा निम्मा गोंधळ तिथे होतो.

ॲरे आणि फंक्शनवर माझं सगळं काम भागतंय. मग क्लास कशाला?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे आणि बहुतेक पुस्तकं तो टाळतात. ॲरे म्हणजे एका नावाखाली ठेवलेली किंमतींची यादी. तिच्यावर काम भागतं, हे खरं आहे. एका पानाचा प्रोग्राम असेल, त्यात फक्त यादी दाखवायची असेल, तर क्लास नकोच.

अडचण सुरू होते ती नियम आला की. फॅट टाइप करताना दशांश चिन्ह राहिलं आणि ६.८ च्या जागी ६८ गेलं, तर बिल कुठच्या कुठे जातं. म्हणून नोंदीच्या पानावर तुम्ही तपासणी घालता. मग दुरुस्तीचं पान येतं, तिथेही तीच तपासणी घालावी लागते. पुढे फॅट मशीनमधून थेट आकडे घ्यायचे ठरतं, ती तिसरी वाट. सहा महिन्यांनी नियम बदलला की दोन ठिकाणी बदल होतो आणि तिसरं ठिकाण राहून जातं. ॲरे काही बोलत नाही. त्यात कुठल्याही नावाखाली काहीही ठेवलं तरी तो निमूट ठेवून घेतो.

क्लास असेल तर नोंद तयार होण्याची वाट एकच राहते आणि तपासणी त्या वाटेवर उभी करता येते. चुकीचे आकडे आले तर ऑब्जेक्ट तयारच होत नाही, एक्सेप्शन (काम तिथेच थांबवून चूक कळवणारा इशारा) येतं. मग पुढच्या कुठल्याही फंक्शनच्या हाती `$नोंद` आली की ती बरोबर आहे असं धरून चालता येतं. माझ्या मते क्लास वापरायचं खरं कारण हे एवढंच आहे. फंक्शनं एका फाइलमध्ये गोळा करून वर क्लासचं नाव देणं म्हणजे क्लास वापरणं नव्हे.

कन्स्ट्रक्टर कसा लिहायचा? मला जुन्या नोट्समध्ये क्लासच्याच नावाचं फंक्शन दिसतं.

कन्स्ट्रक्टर म्हणजे ऑब्जेक्ट तयार होताना आपोआप चालणारी मेथड. त्या नोट्स बाजूला ठेवा. क्लासच्या नावाचं फंक्शन म्हणजे कन्स्ट्रक्टर, ही पीएचपी ४ ची पद्धत. २००४ मध्ये पीएचपी ५ आलं तेव्हापासून दोन अंडरस्कोअर आणि त्यापुढे `कन्स्ट्रक्ट` असं इंग्रजीत लिहिण्याची पद्धत आहे. पीएचपी ७ ने जुन्या पद्धतीबद्दल सूचना द्यायला सुरुवात केली आणि २०२० च्या पीएचपी ८.० मध्ये ती बंदच झाली. घातक गोष्ट अशी, की आता तसं लिहिलं तर एरर येत नाही. ते साधी मेथड समजलं जातं, कोणी बोलावल्याशिवाय चालत नाही, आणि प्रॉपर्टी रिकाम्या राहतात.

८.० पासून आणखी एक सोय झाली. कन्स्ट्रक्टरच्या कंसातच प्रत्येक पॅरामीटरच्या आधी `पब्लिक` किंवा `प्रायव्हेट` लिहिलं की प्रॉपर्टी आपोआप तयार होते आणि तिच्यात किंमतही भरली जाते. पूर्वी एकच नाव चारदा लिहावं लागायचं. ही सोय जरूर वापरा, मात्र तपासणी कन्स्ट्रक्टरच्या आत लिहायला विसरू नका.

फॉर्ममधून आलेली फॅट कन्स्ट्रक्टरला दिली की टाइप एरर येतो. आकडा तर बरोबर दिसतोय!

फॉर्ममधून येणारं सगळं स्ट्रिंग, म्हणजे मजकूर असतं. तुमच्या पॅरामीटरचा टाइप `फ्लोट` (दशांश संख्या) असेल तर साध्या मोडमध्ये पीएचपी इंग्रजी आकड्यांची स्ट्रिंग स्वतःच संख्येत बदलून घेतं. फाइलच्या डोक्यावर टाइपची कडक तपासणी चालू केली असेल तर बदलत नाही. आणि रिकामी स्ट्रिंग कुठल्याच मोडमध्ये चालत नाही.

आपल्याकडे आणखी एक कारण हमखास सापडतं. सचिवांच्या संगणकावर मराठी कीबोर्ड चालू असतो आणि आकडे देवनागरीत टाइप होतात. डोळ्यांना ६.८ दिसतं, पण पीएचपी संख्या म्हणून फक्त इंग्रजी अंक ओळखतं, देवनागरी अंक नाहीत. उपाय सोपा आहे. `नोंद` क्लासमध्ये एक स्टॅटिक मेथड (ऑब्जेक्ट न करता थेट क्लासच्या नावाने बोलवता येणारी) लिहा, समजा `फॉर्मवरून()`. तिने फॉर्मचा ॲरे घ्यायचा, देवनागरी अंक बदलायचे, कडेच्या मोकळ्या जागा काढायच्या, संख्या करायच्या आणि मगच `न्यू` करून ऑब्जेक्ट परत द्यायचा. मशीनवरून येणाऱ्या डेटासाठी अशीच दुसरी मेथड लिहा. कन्स्ट्रक्टर मात्र एकच, आणि त्याला स्वच्छ संख्याच मिळतात. सचिवांना मराठी आकडे टाइप करू नका असं सांगायची गरज नाही. ते त्यांच्या भाषेत काम करतात, सांभाळून घ्यायचं काम प्रोग्रामचं आहे.

पब्लिक, प्रायव्हेट, प्रोटेक्टेड यांत फरक काय? प्रायव्हेट केलं की हॅकरपासून सुरक्षित राहतं का?

नाही. त्याचा हॅकरशी काहीही संबंध नाही. प्रायव्हेट हे तुमच्याच कोडमधल्या इतर भागांसाठी असतं. पब्लिक म्हणजे कुठूनही वापरा. प्रोटेक्टेड म्हणजे हा क्लास आणि त्याच्यावरून बनवलेले वारसदार क्लास. प्रायव्हेट म्हणजे फक्त हा क्लास. मेथडच्या आधी काहीच लिहिलं नाही तर ती पब्लिक धरली जाते.

एक बारकावा लक्षात ठेवा: प्रायव्हेटची कुंपणं क्लासला असतात, एकेका ऑब्जेक्टला नसतात. एका `नोंद`ची मेथड दुसऱ्या `नोंद`ची प्रायव्हेट प्रॉपर्टी वाचू शकते. दोन नोंदींची तुलना करणारी मेथड लिहिताना हे कामी येतं.

सगळ्या प्रॉपर्टी प्रायव्हेट करायच्या आणि मग प्रत्येकीला एक गेटर (किंमत वाचून देणारी मेथड), एक सेटर (किंमत बदलणारी मेथड) जोडायचा, अशी एक सवय कॉलेजात लागते. फॅट प्रायव्हेट आणि शेजारी कुठलीही किंमत निमूट घेणारा सेटर उघडा, तर त्या प्रायव्हेटचा उपयोग काय? दूध एकदा मोजलं की मोजलं. तिथे २०२१ च्या पीएचपी ८.१ मध्ये आलेलं `रीडओन्ली` वापरा. प्रॉपर्टी पब्लिक ठेवा, वाचायला मोकळी, पण एकदा किंमत भरली की पुन्हा बदलता येत नाही. दुरुस्ती करायची असेल तर नवी नोंद करा आणि जुनी रद्द झाल्याचं लिहून ठेवा. वहीत चुकलेल्या आकड्यावर आडवी रेघ मारून शेजारी नवा लिहितात आणि सही करतात, तसं. ८.४ पासून बाहेरून वाचता येईल पण फक्त क्लासच्या आतूनच बदलता येईल, अशीही प्रॉपर्टी करता येते.

एक ऑब्जेक्ट दुसऱ्या व्हेरिएबलला दिला की त्याची कॉपी होते का?

होत नाही. आणि ज्यांना ॲरेची सवय आहे त्यांचा घात इथेच होतो.

ॲरे दुसऱ्या व्हेरिएबलला दिला की दोन वेगळे ॲरे झाले. एक बदलला तर दुसरा तसाच राहतो. ऑब्जेक्टच्या बाबतीत व्हेरिएबलमध्ये ऑब्जेक्ट स्वतः नसतोच, त्याच्याकडे नेणारा एक अंतर्गत क्रमांक असतो. `$ब = $अ` केल्यावर त्या क्रमांकाची नक्कल होते, आणि दोन्ही क्रमांक एकाच ऑब्जेक्टकडे नेतात. फंक्शनला ऑब्जेक्ट दिला तरी हेच. पीएचपी ४ मध्ये खरोखरची कॉपी व्हायची, म्हणून त्या काळच्या कोडमध्ये जागोजागी ॲम्परसँडचं (&) चिन्ह दिसतं. आता ऑब्जेक्टसाठी ते लावू नका.

खरी कॉपी हवी असेल तर `क्लोन`. पण क्लोन वरवरचा असतो. समजा तुम्ही सकाळच्या नोंदीचा क्लोन करून संध्याकाळची नोंद बनवली. लिटर, फॅट वेगळे झाले. पण नोंदीच्या आत तारखेचा ऑब्जेक्ट असेल तर दोन्ही नोंदी त्याच एका तारखेकडे बोट दाखवतात. संध्याकाळच्या नोंदीची वेळ पुढे सरकवली की सकाळचीही सरकते. यावर दोन उपाय आहेत. एक, क्लासमध्ये दोन अंडरस्कोअरवाली क्लोन मेथड लिहून आतल्या ऑब्जेक्टचाही क्लोन करायचा. दुसरा, तारखेसाठी पीएचपीचा `डेटटाइम` न वापरता `डेटटाइमइम्यूटेबल` वापरायचा. तो स्वतः कधी बदलत नाही, दर वेळी नवा ऑब्जेक्ट देतो. मी दुसराच उपाय सुचवेन, तो लक्षात ठेवावा लागत नाही.

तुलनेचाही नियम यातूनच येतो. दोन बरोबरची चिन्हं लावली तर पीएचपी विचारतं: क्लास एकच आहे का, आणि प्रॉपर्टीच्या किंमती समान आहेत का? तीन लावली तर विचारतं: हा तोच ऑब्जेक्ट आहे का? एकाच घरातल्या दोघा भावांनी सारखंच दूध घातलं आणि नोंदीत सभासद क्रमांक ठेवला नसेल, तर पहिल्या तुलनेत त्या दोन नोंदी एक ठरतील.

पान रिफ्रेश केलं की माझा ऑब्जेक्ट गायब होतो. तो जातो कुठे?

जावा किंवा डेस्कटॉप प्रोग्राम करून आलेल्यांना हे सगळ्यात जड जातं. पीएचपी सर्व्हरवर चालतं, आणि नेहमीच्या मांडणीत प्रत्येक विनंतीसाठी नव्याने सुरू होतं. ब्राउझरने पान मागितलं, फाइल वरपासून चालली, ऑब्जेक्ट तयार झाले, एचटीएमएल बाहेर गेलं, आणि शेवटी सगळी मेमरी मोकळी झाली. पुढच्या विनंतीला मागचं काहीच माहीत नसतं. स्टॅटिक प्रॉपर्टीही टिकत नाहीत. त्यात साठवलेला आकडा सगळ्या वापरणाऱ्यांना दिसेल ही समजूत चुकीची आहे.

टिकवायचं असेल ते डेटाबेसमध्ये ठेवा. लॉगिन केलेल्या माणसापुरतं थोडं काही ठेवायचं असेल तर सेशन आहे. सेशनमध्ये ऑब्जेक्ट ठेवता येतो, पण तिथे तो मजकुराच्या रूपात साठतो आणि पुढच्या वेळी त्यावरून पुन्हा उभा केला जातो. तेव्हा त्याचा क्लास पीएचपीला सापडला पाहिजे, नाहीतर हाती अर्धवट ऑब्जेक्ट येतो. पीडीओचं (पीएचपीतून डेटाबेसशी बोलायची सोय) डेटाबेस कनेक्शन असं साठवताच येत नाही, एरर येतो. सेशनमध्ये फक्त सभासद क्रमांक ठेवा आणि बाकीचं दर वेळी डेटाबेसमधून आणा. वेग कमी होईल ही भीती बाळगू नका. एका गावच्या संस्थेच्या डेटाला तेवढा वेळही लागत नाही.

या रोजच्या पुसून जाण्याचा मोठा फायदाही आहे. एका विनंतीत कोड कोसळला तर दुसऱ्या सभासदाच्या पानावर त्याचा परिणाम होत नाही.

गायीचं दूध आणि म्हशीचं दूध, दोन वेगळे क्लास करू का? इन्हेरिटन्सचं (एका क्लासवरून वारसदार क्लास बनवण्याचं) उदाहरण म्हणून सरांनी तसंच सांगितलंय.

परीक्षेत लिहा. प्रोग्राममध्ये नको.

फरक कशात आहे ते आधी बघा. आपल्या भागात गायीच्या दुधाला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ हे मूळ प्रमाण धरतात, म्हशीच्या दुधाला ६.० आणि ९.०, आणि त्याच्या वर-खाली दर बदलतो. हिशेब करायची रीत एकच, आकडे वेगळे. फक्त आकडे वेगळे असतील तर वेगळ्या क्लासची गरज नसते. पीएचपी ८.१ मध्ये `ईनम` (ठरलेल्या पर्यायांची यादी) आलेत, त्यात गाय आणि म्हैस असे दोन पर्याय करा आणि मूळ प्रमाण सांगणारी मेथड त्या ईनमलाच द्या. शिवाय चुकून तिसरंच काही लिहिलं जाण्याची शक्यता मिटते.

खरा बदलणारा भाग आहे दर. दूध संघाचं नवं दरपत्रक येतं, ते अमुक तारखेपासून लागू होतं. नोंदीत फक्त लिटर आणि फॅट साठवून रक्कम दर वेळी आजच्या दराने काढली, तर मागच्या महिन्यात वाटलेलं बिल आज वेगळं दिसायला लागतं. दिवाळीला सभासदांना द्यायचा दरफरक काढताना मग काही जुळत नाही, आणि सभासद जुनी चिठ्ठी घेऊन समोर उभा असतो. म्हणून `दरपत्रक` हा वेगळा क्लास करा, त्यात लागू तारीख ठेवा, सगळ्या प्रॉपर्टी रीडओन्ली करा. नवं दरपत्रक म्हणजे नवा ऑब्जेक्ट, जुन्यात बदल नाही. नोंद तयार होताना त्या तारखेचं दरपत्रक तिला द्या आणि निघालेला दर नोंदीसोबत साठवा. एका ऑब्जेक्टने दुसऱ्याला आपल्यात सामावून घेण्याला कंपोझिशन म्हणतात, आणि रोजच्या कामात ते इन्हेरिटन्सपेक्षा कितीतरी जास्त वेळा लागतं.

पैशासाठी फ्लोट वापरला तर चालेल ना?

नाही. फ्लोटमध्ये ०.१ आणि ०.२ यांची बेरीज नेमकी ०.३ होत नाही. एका नोंदीत ते दिसत नाही, दहा दिवसांच्या वीस नोंदींची बेरीज करताना एखाद्या पैशाने दिसू शकतं. रक्कम पूर्णांकात पैशांमध्ये ठेवा. `रक्कम` नावाचा छोटा क्लास करा, बेरीज, पशुखाद्याची कपात, रुपयांत दाखवणं हे सगळं त्याच्या मेथडमध्ये घाला. कुठे पूर्णांकात आणायचं, प्रत्येक नोंदीला की बिलाच्या शेवटी, हे संस्थेला विचारून ठरवा. तो प्रोग्रामरचा निर्णय नाही.

इंटरफेस, ॲबस्ट्रॅक्ट क्लास आणि ट्रेट यांतलं केव्हा काय?

इंटरफेस सांगतो की अमुक मेथड असल्याच पाहिजेत. त्या कशा, हे सांगत नाही. बिल छापायचं, मेसेजने पाठवायचं, पीडीएफ करायचं, असे तीन मार्ग असतील तर `बिलपाठवणारा` असा इंटरफेस करा. ॲबस्ट्रॅक्ट क्लास अर्धं काम स्वतः करून उरलेलं वारसदारांवर सोडतो. त्यावरून थेट ऑब्जेक्ट करता येत नाही. पीएचपीत क्लासला एकच पालक असतो, इंटरफेस मात्र कितीही. ट्रेट २०१२ च्या ५.४ मध्ये आले. तेच कोड अनेक क्लासमध्ये आणून बसवण्यासाठी. शिकताना ट्रेट शेवटी घ्या.

क्लासची नावं मराठीत ठेवता येतात का? वरची उदाहरणं खरंच चालतात?

नावं चालतात. `क्लास`, `न्यू`, `पब्लिक` हे भाषेचे राखीव शब्द इंग्रजीतच लिहावे लागतात, पण क्लास, मेथड आणि व्हेरिएबलची नावं देवनागरीत ठेवायला पीएचपीची हरकत नसते. `$नोंद->रक्कम()` ही ओळ जशी आहे तशी चालते. फाइल यूटीएफ-८ मध्ये (देवनागरीसकट सगळ्या लिपी साठवायची पद्धत) साठवलेली हवी.

एक धोका आहे. पीएचपी अक्षरं बघत नाही, बाइट बघतं. `गुऱ्हाळ` मधला ऱ दोन प्रकारे साठवता येतो: एकाच चिन्हाने, किंवा र आणि त्याखाली नुक्ता असा. दिसायला एकच, पीएचपीसाठी दोन वेगळी नावं. दोघांचे कीबोर्ड वेगळे असतील तर हा घोळ सापडायला फार वेळ जातो. शिकण्यासाठी मराठी नावं मला मनापासून आवडतात, कारण विचार थेट विषयावर राहतो. बाहेरच्या लोकांसोबत करायच्या प्रोजेक्टात इंग्रजी नावं ठेवा.

नलवर मेथड बोलावल्याचा एरर सारखा येतो. कसा शोधू?

बाण ज्याच्यानंतर आहे ते व्हेरिएबल नल आहे, म्हणजे त्यात काहीच नाही, एवढंच तो एरर सांगतो. बहुतेक वेळा वर कुठेतरी `सभासदशोधा()` सारखं फंक्शन असतं, त्याला सभासद सापडलेला नसतो. एरर आलेली ओळ दुरुस्त करू नका, ते फंक्शन बघा. ८.० मध्ये बाणाआधी प्रश्नचिन्ह लावायची सोय आली, म्हणजे नल असेल तर पुढे न जाता नलच मिळतो. सभासदाचा फोन नंबर नसणं चालणार असेल तिथे ती लावा. सभासदच नसेल तर तिथल्या तिथे एक्सेप्शन द्या. नाहीतर बिल शून्य रुपयांचं निघेल आणि कोणाला कळणारही नाही.

पुण्यात इंटरव्ह्यूला ओव्हरलोडिंग विचारलं. पीएचपीत ते आहे का?

जावासारखं, एकाच नावाच्या अनेक मेथड पॅरामीटर बदलून लिहिणं, पीएचपीत नाही. दुसऱ्यांदा तेच नाव दिलं की एरर येतो. डीफॉल्ट किंमती आणि वेगवेगळ्या नावांच्या स्टॅटिक मेथड यांनी ते काम होतं. पीएचपीच्या मॅन्युअलमध्ये ओव्हरलोडिंग म्हणजे, नसलेली प्रॉपर्टी किंवा मेथड मागितली की आपोआप चालणाऱ्या जादुई मेथड. इंटरव्ह्यूत दोन्ही अर्थ सांगा.

कुठल्या व्हर्जनवर शिकू?

आठच्या मालिकेतलं जे ताजं मिळेल ते. ८.४ नोव्हेंबर २०२४ मध्ये आलं. होस्टिंगवर सात असेल तर कंट्रोल पॅनलमध्ये बहुतेक ठिकाणी बदलता येतं. ८.२ पासून, क्लासमध्ये न लिहिलेली प्रॉपर्टी बाहेरून बनवली तर सूचना मिळते. `फॅट` च्या जागी `फ्याट` लिहिलं गेलं तर पूर्वी ते खपून जायचं, आता कळतं. एवढ्या एका गोष्टीसाठीही जुनं व्हर्जन सोडण्यासारखं आहे.

माझा जुना प्रोजेक्ट सगळा ॲरेत आहे. सुरुवात कुठून करू?

सगळं एकदम पाडू नका. ज्या ॲरेमुळे सगळ्यात जास्त तक्रारी येतात तो एक निवडा. संकलनाच्या प्रोग्राममध्ये तो बहुधा नोंदीचाच असतो. त्याचा क्लास करा, कन्स्ट्रक्टरमध्ये तपासण्या आणा, आणि डेटाबेसमधून नोंदी वाचणारं फंक्शन ॲरेऐवजी ऑब्जेक्ट परत देईल असं करा. मग प्रोजेक्ट चालवा. जिथे जिथे एरर येतो तिथे तो ॲरे वापरला जात होता. तुम्हाला यादी आयती मिळते. ती दुरुस्त करून झाली की मागच्या दहा दिवसांचं बिल जुन्या आणि नव्या कोडने काढून रक्कम पैशापर्यंत जुळवा, मगच पुढचा ॲरे हातात घ्या. क्लास वाढले की फाइल एकेक जोडत बसू नका. कंपोजर (पीएचपीची पॅकेजं आणि फाइली सांभाळणारं साधन) बसवा, एका फाइलीत एक क्लास ठेवा, आणि फाइलीचं नाव क्लासच्याच नावाचं द्या म्हणजे ऑटोलोड, लागेल त्या क्लासची फाइल स्वतः शोधून जोडणारी सोय, आपोआप चालेल.